वाटीवरचं नाव

“कोपऱ्यात नका ठेवू... कोपरा कापता येतो.”

तनुजाच्या हातातून मोबाइल निसटता निसटता राहिला.

नांदेडहून निघालेली लातूर गाडी लोहा सोडून पुढं आली होती. बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती. खिडकीची काच पूर्ण लागत नव्हती, आणि त्या फटीतून भिजलेल्या सोयाबीनचा कुबट-गोड वास आत येत होता. शेजारच्या सीटवरचा मुलगा विष्णुपुरीला चढल्यापासून डोळे मिटून बसला होता. झोपलाय, असं समजूनच तिनं व्हिडिओवर नाव टाकायचं ते ॲप उघडलं होतं.

झोपलेला माणूस एवढं नेमकं बोलत नाही.

तिनं स्क्रीन बंद केली. छातीत धडधडायला लागलं. भीती वाटली की रक्तात काय मिसळतं, त्याचं सूत्र तिला पाठ होतं. एमएस्सीला रसायनशास्त्रच होतं तिचं. पण सूत्र पाठ असल्यानं धडधड थांबत नाही, हेही तिला आत्ताच कळत होतं.

“माफ करा,” तो म्हणाला. डोळे आता उघडे होते – मोठे, जरा गोंधळलेले. “मुद्दाम नाही बघितलं. तुम्ही त्या हळदीच्या व्हिडिओवर तीच ती अक्षरं लई वेळ सरकवून राहिल्या होत्या... राहवलं नाही.”

“तुमचं काम करा ना तुम्ही.”

“माझं काम झोपायचं होतं. ते तुम्ही बिघडवलं.”

तिला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

हसण्यासारखी वेळच नव्हती. तिच्या मोबाइलमध्ये ‘चिमूटभर विज्ञान’ नावाचं एक पान होतं, आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. हळदीत सोडा टाकला की ती लाल का होते, लिंबू पिळलं की दुधात नेमकं काय फाटतं – असले लहान लहान व्हिडिओ ती नांदेडला उज्वलाआत्याच्या स्वयंपाकघरात काढायची. आत्या शाळेत शिकवायला गेली, की ओट्यावर मोबाइल डब्याला टेकवायचा आणि सुरू. व्हिडिओत फक्त तिचे हात. चेहरा नाही, आवाज नाही, बांगडी नाही, अंगठीसुद्धा नाही.

एवढी काळजी राजश्रीमुळं. राजश्री तिची चुलत बहीण. गॅदरिंगमध्ये नाचली, आणि कुणीतरी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. नाचात वाईट काही नव्हतं. तरी त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं आणि बी.ए. अर्धवट राहिलं. आता ती भोकरला असते. तिच्या मोबाइलवर तिचा फोटो नाही, गुलाबाचं फूल आहे. ते फूल दिसलं की तनुजा स्क्रीन पटकन पुढं सरकवायची. आपली एमएस्सीसुद्धा अशीच एका व्हिडिओपायी थांबेल, असं तिला वाटायचं.

त्यात गेल्या आठवड्यात भलतंच झालं. तिचा हळदीचा व्हिडिओ ‘झकास जुगाड’ नावाच्या कुठल्याशा मोठ्या पानानं उचलला. कोपऱ्यातलं तिच्या पानाचं नाव कापलं, स्वतःचं नाव लालभडक अक्षरांत ठोकलं, आणि वर मथळा दिला – ‘वहिनीच्या हाताची जादू’. तो आता गावोगावच्या मोबाइलवर फिरत होता.

हे सगळं ती या अनोळखी मुलाला थोडीच सांगणार होती?

“कापलंय ना कुणीतरी?” त्यानं हळूच विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग काचेलाच सांगितल्यासारखं म्हणाली, “...हो.”

“मग मधे घ्या. पण फिकं. नाव वेगळ्या लेयरवर, म्हणजे व्हिडिओच्या वरच्या थरावर टाका – मागं पांढरा चौकोन नको, नुसती अक्षरं. मग ओपॅसिटी – अक्षरांचा गडदपणा – कमी करत आणायची. अन् एका जागी ठेवू नका. सुरुवातीला डावीकडं, शेवटाला उजवीकडं, सावकाश सरकू द्या. कापणारा बेजार होतो. ॲप फुकटातलं असलं तरी एवढं जमतं त्याला. शेवटी ते स्वतःचा शिक्का चिकटवतं, तो तुकडा तेवढा काढून टाकायचा.”

“ओपॅसिटी किती ठेवायची?”

“अंदाजानं.”

“अंदाजानं म्हणजे? दहा? चाळीस?” तिच्या आतली विद्यार्थिनी भीतीला न विचारताच बाहेर आली. “जास्त झालं तर प्रयोग दिसणार नाही, कमी झालं तर नाव. म्हणजे मधे एक आकडा असणारच. प्रयोगशाळेत रंग ओळखायला दोन थेंब टाकतात, चमचाभर नाही ओतत.”

“मग तुम्हीच काढा तो आकडा. मी आपला अंदाजानं जगणारा माणूस.”

“नाव काय या अंदाजाचं?”

“पंचाक्षरी.”

तिनं नकळत बोटांवर मोजलं. “पं... चा... क्ष... री. चारच तर आहेत!”

“पहिलीपासून हेच ऐकून राहिलो,” तो म्हणाला. “गुरुजीसुद्धा हजेरी घेताना मोजायचे.”

या वेळी मात्र हसू गिळता आलं नाही.

अहमदपूरला गाडी थांबली, तशी तीही पाय मोकळे करायला खाली उतरली. तो चहाचे दोन कप घेऊन आला आणि एक तिच्यापुढं धरला – बोटाला बोट लागू नये म्हणून अगदी बुडाशी पकडून. तिला ते दिसलं, आणि बरं वाटलं. स्टँडच्या पत्र्यावर पाऊस टिपटिपत होता.

“एक सांगू? पण घाबरू नका.”

“असं म्हटलं की माणूस आधी घाबरतो.”

“तुम्हाला मी ओळखत नाही,” तो म्हणाला. “पण त्या हळदीच्या व्हिडिओतली वाटी ओळखतो.”

तिला काही कळेना.

“लातूरला गोलाईच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. रेवणप्पा म्हणजे आमचे आजोबा, त्यांच्या नावाचं. मी शिकायला विष्णुपुरीला असतो, पण शनिवारी-रविवारी भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडं. त्या वाटीवरचं अक्षर माझं आहे. ‘श’ काढताना मी पोटात एक गाठ देतो, तशी दुसरं कुणी देत नाही.” मग त्यानं आवाज अगदी खाली आणला. “‘शेषेराव सूर्यवंशी, मुरुड यांजकडून.’ व्हिडिओ थांबवला की स्वच्छ वाचता येतं.”

चहा तिच्या बोटांवर सांडला. भाजल्याचं उशिरा कळलं.

आत्याच्या वास्तुशांतीला आबांनी केलेला आहेर. घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं – मामाचं, मावशीचं, शेजाऱ्याचं. जेवताना ते वाचतं कोण? तिनं चेहरा झाकला, आवाज झाकला, बांगड्या उतरवल्या... आणि बापाचं नाव गावासकट कॅमेऱ्यासमोर धरलं!

“वडील का तुमचे?” त्यानं विचारलं.

 तिनं कप तिथंच ठेवला, गाडीत चढली आणि पुढच्या बाजूला एका म्हातारीशेजारी जाऊन बसली. लातूर येईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही. उतरताना तेवढा ड्रायव्हरच्या आरशात तो दिसला – मागच्या दारापाशी, अर्धा हात वर उचललेला... आणि मग खाली घेतलेला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नांदेडला परतल्यावर तिनं ती वाटी कपाटाच्या तळाशी घातली, जणू वाटी लपवली की व्हिडिओतलं नावही पुसलं जाईल. मोबाइल वाजला की दचकायची. त्या मुलाला आपलं सगळं माहीत झालं. बापाचं नाव, गाव. उद्या त्यानं काही मागितलं तर? नुसतं कुठं बोलला तरी...?

आणि मग पानावर त्याचा निरोप आला.

“वाटीचं कुणाला बोललो नाही, बोलणार नाही. तुम्हाला भीती घातली, माफ करा. – पंचाक्षरी (अक्षरं चार).”

पुढं काही नाही. नंबर मागितला नाही, उत्तर मागितलं नाही. दुसरा निरोपही आला नाही. तिनं वाट बघितली – आधी भीतीनं, मग... कशानं, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

शेवटी तिनंच एक शब्द पाठवला. “अठ्ठावीस.”

“?”

“ओपॅसिटी. अठ्ठावीसला प्रयोगही दिसतो आणि नावही. सगळे आकडे करून बघितले.”

“अंदाजानं मी तीस म्हणणार होतो.”

“अंदाज चालत नाही.”

“मग आमच्यासारख्यांनी जगावं कसं?”

तिनं मोबाइल उशीखाली ठेवला आणि पुन्हा काढला. असं सुरू झालं. त्यानं तिला फिकं नाव सरकतं कसं करायचं ते दाखवलं, तिनं त्याला पितळ काळं का पडतं ते सांगितलं. एकदा तिनं विचारलं, “तुम्ही एवढ्या भांड्यांवर नावं घालता. स्वतःचं कुठं घालता?”

“घालणाऱ्याचं नाव कोण घालतं? ज्याचा आहेर, त्याचं नाव.”

का कोण जाणे, तिला ते वाचून वाईट वाटलं.

चोरलेल्या व्हिडिओची तक्रार करता येत होती. पण तक्रारीला खरं नाव लागायचं, आणि ते समोरच्या पार्टीला कळवलं जायचं. तिनं त्याला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आता हा म्हणेल – घाबरता काय, करून टाका. तो म्हणाला, “मग थांबा. तुम्ही थांबलात म्हणून व्हिडिओ त्याचा होत नाही.”

त्या संध्याकाळी तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागणार होती. पण तेवढ्यात मुरुडहून आबांचा फोन आला.

“तनू, उद्या घरी ये.”

“काय झालं, आबा?”

“आल्यावर बोलू.”

फोन बंद झाला.  तिनं त्याला लिहिलं, “तुम्ही सांगितलंत?”

“नाही.” लगेच उत्तर आलं. आणि थोड्या वेळानं: “मी येऊ मुरुडला? सांगतो, अशा वाट्या आम्ही लई घातल्या, आहेराचा पूर्ण सेट होता, कुणाच्याही घरात असेल. हात कुणाचे ते कुणाला कळतंय?”

“म्हणजे खोटं बोलाल?”

“हाव.”

ती त्या एका होकाराकडं बघत राहिली. आयती वाट होती ती. कुणाचंही घर, कुणाचेही हात... मग पुढचा व्हिडिओही कुणाचाही. तिनं लिहिलं, “नको.” आणि नंतर, “पण बरं वाटलं.”

मुरुडच्या घरापुढं सोयाबीनची रास ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. ओसरीवर आबा बसले होते, आणि शेजारी मांडी घालून रामलिंगकाका – भावकीतला, गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते त्या घरच्यांच्या आधी माहीत असणारा. त्याच्या हातातल्या मोबाइलवर हळद पिवळ्याची लाल होत होती. ‘वहिनीच्या हाताची जादू’.

“रामलिंगनं दाखविलं,” आबा म्हणाले. “पारावर. चारचौघांत.” त्यांनी चष्मा सारखा केला. “ही वाटी उज्वलाच्या घरची न्हवं का?”

“हो.”

“अन् हात?”

ताडपत्रीवर पाऊस वाजायला लागला होता. तनुजानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांना हळद होती, कितीही धुतली तरी न जाणारी. अशा वाट्या लई घातल्या... वाक्य तयार होतं. नुसतं उच्चारायचं होतं. तिला गुलाबाचं ते फूल दिसलं.

“माझे,” ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, “हात माझेच आहेत, आबा.”

“म्या म्हनलं न्हवतं?” रामलिंगकाकानं मांडीवर थाप मारली.

“तू गप रं.” आबा तिच्याकडं बघत नव्हते, मोबाइलकडं बघत होते. “मग हे लाल नाव कुनाचं?”

“चोराचं. माझं नाव कापून त्यानं त्याचं घातलं.”

आबांनी मोबाइलवर वाकून ते लाल नाव वाचलं. 

“आहेर म्या केला,” आबा सावकाश म्हणाले. “घर माज्या बहिनीचं. हात माज्या लेकीचे. अन् नाव ह्या भलत्याचं? वर वहिनी म्हनतो?”

“पन भाऊ, पोरीच्या जातीनं असं जगासमोर...”

“रामलिंग, बैलाच्या पुठ्ठ्यावर तू डाग देतोस का न्हाई? कशापायी? कुनी न्हेला तर वळखावा म्हनून. मग पोरीनं केल्यालं काय फुकट सोडायचं?”

रामलिंगकाका उठला. तो चप्पल शोधायला लागला.

तो गेल्यावर आबा तिच्याकडं वळले, आणि आता त्यांच्या आवाजात खरा राग होता. “चोरून का केलंस?”

“राजश्रीचं झालं तसं माझं होईल म्हणून.”

 राजश्रीचं स्थळ आबांनीच आणलं होतं. ते उठले, ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडालं होतं, त्यावर दगड ठेवला. दगड नीट बसला होता, तरी पुन्हा पुन्हा सारखा करत राहिले. रात्री लवकर जेवून आडवे झाले.  कॉलेज सुटलं की राहिलं, हेच तिला कळत नव्हतं.

सकाळी मोटारसायकलवर तिला स्टँडला सोडताना ते पाठमोरेच म्हणाले, “तोंड दाखवू नको त्यात. मला सोसायचं न्हाई.”

“बरं.”

“पन नाव घाल. नीट घाल. बापासकट.”

तिनं गाडीत बसल्या बसल्या तक्रार पाठवली. तनुजा शेषेराव सूर्यवंशी.  भीती गेली नव्हती. उद्या तो चोर काय करेल, गाव काय म्हणेल, काहीच ठरलेलं नव्हतं. पण आधी भीती पाठीमागून यायची. आता ती समोर बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत बघता येत होतं.

धनत्रयोदशीच्या दुपारी गोलाईत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानांपुढं भांड्यांच्या चळती उन्हात लखलखत होत्या. रेवणप्पांच्या दुकानात एका कोपऱ्यात स्टुलावर बसून पंचाक्षरी नावं घालत होता. त्याच्या हातातलं छोटं यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत होतं. चेहऱ्यावर घाम, भुवईवर स्टीलचा बारीक चुरा.

तिनं एक लहानशी वाटी निवडली आणि त्याच्यापुढं ठेवली.

“नाव काय घालायचं?” त्यानं मान वर न करताच विचारलं.

“तनुजा शेषेराव सूर्यवंशी, मुरुड.”

यंत्र थांबलं.

“तुम्ही...!” तो उठायला गेला, आणि मांडीवरचं फडकं, पेन्सिल, कुणाचं तरी झाकण सगळं खाली पडलं. “काय झालं घरी? दोनच शब्द पाठवलेत – ‘सुटले थोडी’. थोडी म्हणजे किती?”

“अंदाजानं.”

तो हसला. मग तिच्या चेहऱ्यावरची भीती आणि हसू दोन्ही बघून पुन्हा स्टुलावर बसला. “ही वाटी कशाला?”

“आता प्रत्येक व्हिडिओत हीच असणार. फिकं नाव वरनं सरकेल, आणि पक्कं नाव वाटीवर.”

“कुठं घालू? कोपऱ्यात?” त्यानं मिश्किलपणे विचारलं.

“वाटीला कोपरा नसतो. कापणार कुठनं?”

त्यानं वाटी हातात घेतली. अक्षरं उमटत गेली, एकेक. ‘शे’पाशी आल्यावर त्यानं पोटात गाठ दिली आणि हळूच तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. बाहेर कुणीतरी पातेल्याचा भाव करून राहिलं होतं, पण तो आवाज फार लांबून येत होता.

“झालं,” त्यानं फुंकर मारून वाटी पुढं केली.

तनुजानं वाटी घेतली नाही. ती उलटी केली आणि त्याच्याकडं परत सरकवली.  आबांपुढं ‘माझे’ म्हणणं याहून सोपं होतं.

“खालची बाजू रिकामी आहे.”

“मग... तिथं काय घालू?”

“ज्यानं अक्षर काढलं त्याचं नाव.” ती दुकानाच्या फरशीकडं बघत म्हणाली. “चारच तर आहेत. मावतील.”

 यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि इतक्या भांड्यांवर सरळ चालणारा त्याचा हात पहिल्याच अक्षराला थबकला. गल्ल्यावरून त्याच्या आजोबांनी चष्म्याआडून इकडं बघितलं.

“गडद किती ठेवू?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“सध्या फिकंच. आबांनी वाटी उलटी केली तर... लगेच वाचता येऊ नये.”

“अठ्ठावीस?”

“दहा.”

“दहाच?” त्याचा चेहरा पडला. “अन् पुढं?”

तिनं मान वर केली. भीती तिथंच होती, डोळ्यांच्या कडेला, हळदीसारखी न जाणारी. पण भीतीसकट ती हसली.

“पुढं वाढवता येतं की. वेगळाच लेयर आहे तो... पुसला जात नाही.”